मालगाडी आधी

गोंदियाकडच्या एका लहान स्टेशनवर पॅसेंजर यायची होती. बाकावर एक म्हातारं जोडपं होतं. म्हातारी नवऱ्याला टोचत होती.

"जवायाची खेळातली रेल्वे पाहाले गेलते, अन् भांडून आले!"

"तीस वर्षं दरेकशाच्या टेसनावर दांडा ओढून रुळाचे सांधे बदलले मी. तो मले शिकवून राहिला!"

"त्याचे सांधे तं बटनावर बदलतात."

"म्हणून मीच बटन दाबलं. त्याची पॅसेंजर बाजूच्या लाइनीत टाकली."

"काऊन?"

"मांगून मालगाडी येऊन राहिली होती."

"अन् पॅसेंजर?"

"उभी केली. घंटाभर कोणाले बटनाले हात लावू देल्ला नाही."

तेवढ्यात समोरून मालगाडी धडधडत गेली. म्हातारे ताडकन उठले.

"माणसं इथं बसून आहेत, अन् मालगाडी आधी? कोण बसला आहे बे तिकडं बटनावर?"