छप्पर नसलेला ओटा

मंडळी, एक विचारतो. देव कोणतं मागणं ऐकतो हो? तोंडातलं, की पोटातलं? घाई नको! आधी गोष्ट ऐका.

गोष्ट आहे चीन देशातली, फार जुनी. (मागे कोणाला तरी नूडल्स आठवल्या वाटतं! असू द्या.) तिथे मिनलू नावाचं चिमुकलं मांडलिक राज्य. सम्राटानं त्याच्या मूळ पुरुषाला काय दिलं? हत्ती? घोडे? छे! मातीचं एक ढेकूळ! म्हणाला, "याचा ओटा बांध, पूजा कर. पण वर छप्पर नको. ऊन-पाऊस लागतोय तोवर तुझं राज्य जिवंत!" आणि राज्य जिंकणारा शत्रू आधी काय करायचा? त्या ओट्यावर छप्पर घालायचा!

त्या पुरुषानं दलदल उपसली, पाट काढले, भात पिकवला. राज्य भरभराटीला आलं — आणि शेजाऱ्याच्या डोळ्यांत खुपायला लागलं! शेजारी बलाढ्य. पुढे जियान राजा झाला, तेव्हा राज्य वाचवायला त्यानं धाकटी बहीण लान त्या शेजारच्या राजाला दिली. सोयरीक झाली, लढाई टळली.

पण तिथली रीत ऐका! दिलेली राणी माहेरी परतायची ती दोनच कारणांनी. नवऱ्यानं टाकलं तर, नाहीतर माहेरचं राज्य बुडालं तर. म्हणून राजमाता रोज ओट्यापुढे हात जोडून म्हणायची, "देवा, माझ्या लानला परत आणू नकोस!" — आणि ढसाढसा रडायची. काय ही प्रार्थना! लेकीची आवडती खीर करायची, अन् शिजली की बघत बसायची. खायला कोण होतं?

जियानला ते रडणं बघवेना. प्रधान म्हणाला, "महाराज, प्रार्थना ऐका. रडणं ऐकू नका."

"माझी आई आहे ती!"

त्यानं निरोप धाडला, आई अंथरुणाला खिळलीय. खोटं हो! लान नवऱ्याला न विचारता धावत आली. तिकडे नवरा गरजला, "राणी गेली, सोयरीक तुटली!" आणि फौज निघाली.

जियान वेशीवर पडला. मिनलू बुडालं. शत्रूचे सुतार ओट्यावर वासे चढवत होते, आणि पायरीवर राजमाता लेकीचे केस विंचरत होती.

"आई, माझ्यापायी सगळं गेलं गं. दादासुद्धा."

"तुझ्यापायी नाही, बाळ. देवानं माझं ऐकलं."

"ऐकलं? तू तर उलटं मागायचीस!"

"ते तोंडानं."

मंडळी, मुलगा गेला, राज्य गेलं, आणि तरी लेकीच्या केसांतून फणी फिरवताना ती आई क्षणभर सुखावली! तिला दोष देऊ? माझी जीभ रेटत नाही.

तुमचंही कोणी दूर आहे ना? रोज म्हणता, "देवा, तिकडेच त्याचं भलं होऊ दे." आणि पोटात काय असतं? टाळ जरा थांबवा. ते पोटातलं आज एकदा देवाला खरं-खरं सांगा. रडू आलं तर रडा. आणि मग हात जोडून म्हणा — देवा, एवढं मात्र ऐकू नकोस!