बाबांनी बंद केलेला व्हॉल्व्ह

हसा रे, पण बाबांना परदेशातल्या त्या मोठ्या आर्ट फेअरला नेलं ती चूक माझीच. एका दालनात छतातून थेंब थेंब पाणी बादलीत पडत होतं आणि लोक तिकीट काढून, श्वास रोखून ते बघत होते. बाबा आमच्या मुलुंडच्या सोसायटीचे वीस वर्षं सेक्रेटरी. पाइपचा माग काढत ते कोपऱ्यात गेले आणि त्यांनी व्हॉल्व्ह बंद केला.

गार्ड धावत आला.

"बाबा, वाट लागली! अहो, ती कलाकृती आहे!"

"लीकेज आहे ते."

शेवटी ती कलाकार बाईच आली, खळखळून हसली आणि तिने बाबांनाच व्हॉल्व्ह उघडायला लावला.

घरी परतलो, तर वरच्या मजल्यावरचे कुलकर्णी दारातच. "सेक्रेटरी, आमचं छत अजून गळतंय!"

बाबा शांतपणे म्हणाले, "मग तिकीट लावा की!"