फ्लेक्सवर छापलेलं ओढ्याचं नाव

मंडळी, शेतातली कामं टाकून तुम्ही आलात. डोंगरावरच्या वाडीतली माणसं तर पहाटेच निघून पायी खाली उतरली. मला बोलायची सवय नाही. चार पुस्तकं वाचली ती चुलीपुढं बसून, एकटीनं. माणसांपुढं उभं कसं राहायचं, ते त्यात नव्हतं. आणि आज तर मान वर होत नाही. का होत नाही, तेच सांगायला उभी आहे.

माझ्या मालकांना तुम्ही लग्नातले फोटोवाले म्हणून ओळखता. आपल्या डिंगोऱ्यात घरटी त्यांचा एक तरी फोटो असेल. पण पाऊस उघडला, ओढ्यांचं पाणी निवळलं, की हे कॅमेरा घेऊन डोंगरात जायचे. खडकावर बसून ढग यायची वाट बघायचे. उन्हात पाणी नुसतं चकाकतं म्हणायचे, त्याचा रंग दिसत नाही. शेजारचे बाळूभाऊ चिडवायचे, "दिसभर पाण्याकडं बघून चारच फोटू? राव, आमची म्हैस निदान पाणी पिऊन तरी येती!" हे हसायचे. मी नाही हसायचे. मला लागायचं ते.

त्यांचा एक फोटो तुम्ही सगळ्यांनी पाहिलाय. काळा कातळ, त्यावरून कापसासारखं उतरणारं पाणी, वर जुनी झाडं. ती देवराई आहे. इथं पुढं बसलेल्या ठकूआजींच्या वाडीनं देवाच्या नावानं राखलेलं रान. तिथं कुणी पायताण घालून जात नाही. तिथली वाळकी काटकीसुद्धा बाहेर आणत नाही. हे बाहेर पडताना पिशवी उलटी करून झटकायचे. एकदा पॅन्टला चिकटलेलं एक पान घेऊन परत आत गेले आणि ठेवून आले. त्या दिवशी मी बरोबर होते. आजींनी कॅमेऱ्याकडं बोट केलं.

"आन् ह्या डब्यात काय नेतो रं?"

"फोटो, आजी."

"मंग त्योबी हितलाच. ने. पर कुठनं आणला, ते कुणाला सांगायचं न्हाई."

"नाही सांगणार."

एवढंच बोलणं. साक्षीला मी एकटी.

पुढं लोक किती गोड बोलून विचारायचे. पुण्याचे यायचे, नाशिकचे यायचे. हे म्हणायचे, "फोटो बघा की! वाट कशाला पाहिजे?"

मग हेच गेले, कायमचे. दहाव्याला फाट्यावर फ्लेक्स लावायचं ठरलं. आपल्याकडं लावतातच. बाळूभाऊ म्हणाले, "वहिनी, नुसता चेहरा नको. त्यांचं काम दिसू द्या." मी तोच फोटो दिला. "खाली काय लिहू?" मी ओढ्याचं नाव सांगितलं. वाडीचंही सांगितलं. बाळूभाऊंचा यात दोष नाही. त्यांनी विचारलं, मी सांगितलं. का सांगितलं? हसणाऱ्यांना कळावं, माझा माणूस कुठवर जाऊन आला होता. गर्व, दुसरं काय? ज्यांनी इतकी वर्षं तोंड मिटून ठेवलं, त्यांच्याच चेहऱ्याखाली मी ते नाव छापलं.

घाटाकडं जाणाऱ्या गाड्या फाट्यावर चहाला थांबतात. कुणीतरी फ्लेक्सचा फोटो काढला, मोबाईलवर फिरवला. मागच्या रविवारी वाडीत गाड्यांची रांग लागली. राईत स्पीकर वाजला. कातळावर थर्माकोलच्या ताटल्या पडल्या.

दुसऱ्या दिवशी आजी घरी आल्या. मला वाटलं, शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "पोरी, चपला घालून गेली गं माणसं. त्यो कवा गेला न्हवता." आणि माझ्याच पाठीवरून हात फिरवला. मंडळी, तो हात मला सोसला नाही.

नवरा गेल्याचं दुःख मी सांभाळीन. पण मेलेल्या माणसाचा शब्द मोडला, तो आता कुणी जोडायचा?

फ्लेक्स उतरवलाय. तुमच्या मोबाईलमध्ये तो फोटो असेल, तर काढून टाका. फाट्यावर कुणी वाट विचारली, तर माहीत नाही म्हणा. तुम्हाला खोटं बोलायला लावते आहे. त्याचं पाप माझ्याकडं.

मगाशी मी आजींना विचारलं, "रविवारी राईच्या तोंडाशी बसू का? आलेल्यांना परत लावीन."

"बस की. मीबी हाय. पर भाकर मऊ आण, मला दात न्हाईत."

आता उभं राहू या. चपला काढून उभं राहू. मी त्या ओढ्याचं नाव आज घेतलं नाही, पुन्हा कधी घेणार नाही. हे जन्मभर त्यावर गप्प राहिले. त्यांच्यासाठी दोन मिनिटं आपणही गप्प राहू.