राजीनामा केला की दिला?

समारंभाचे अध्यक्ष माननीय मानसिंगराव, आजचे सत्कारमूर्ती आणि पाच वर्षं दिल्लीत आपल्या वतीने बसलेले खासदार रघुनाथराव सबनीस, त्यांच्या शेजारी सारखे पदराखाली हात लपवणाऱ्या सौ. विजयाबाई, व्यासपीठावरची थोर मंडळी, आणि ग्वाल्हेरच्या या लष्कर भागापासून किला गेटपर्यंतच्या घरांतून कामं टाकून आलेल्या माझ्या बंधुभगिनींनो,

अध्यक्षांनी मला दहा मिनिटं दिली आहेत. देताना त्यांचा चेहरा मी पाहिला. गेल्या ऑगस्टात रघुनाथरावांच्या दारात उभी राहून मी काय काय बोलले, ते ऐकायला अर्धं लष्कर गोळा झालं होतं. आज ही बाई काय दिवे लावते, अशी धास्ती त्यांना वाटली तर त्यांचं काय चुकलं? घाबरू नका, मानसिंगराव. मी आज भांडणार नाही. म्हणजे थोडं भांडेन, पण सभ्यपणाने.

ज्यांना मी ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. मी सुधा, मुलींच्या मराठी शाळेची मुख्याध्यापिका. चोवीस वर्षं व्याकरण शिकवते. क्रियापद चुकलं की मुलीला बाकावर उभं करते. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे कामाला येईल.

निरोपाच्या भाषणात उगाच हवेतली स्तुती करायची नाही, असं मी ठरवलं. वाचनालयातल्या मधुसूदनकडून लोकसभेचे अहवाल मागवले आणि पंधरा दिवस वाचत बसले. दिल्लीत मत द्यायचं म्हणजे जागेवरून उठून चालावं लागतं बरं का. 'हो' म्हणणाऱ्यांनी उजव्या दालनात जायचं, 'नाही' म्हणणाऱ्यांनी डाव्या. पाच वर्षांत एकेचाळीस वेळा अशी मतं मोजली, असं माझ्या टिपणात आहे. एकोणचाळीस वेळा आपले वकीलसाहेब, म्हणजे रघुनाथराव, हजर. दोनदा नव्हते. एकदा विषमज्वर, आणि एकदा त्यांच्या धाकट्या मुलीचं, लीलाचं लग्न. त्या लग्नाला मीही होते, जिलबी उत्तम होती.

पक्षाचा माणूस पक्षाबरोबर चालणार, त्यात नवल नाही. पण चौकशीवाचून माणसाला तुरुंगात ठेवण्याच्या कायद्याची मुदत वाढवायची होती, तेव्हा हे गृहस्थ एकटे डाव्या दालनात गेले. वरिष्ठांनी जाब विचारला, तर म्हणाले, "मी बेचाळीस साली आत राहून आलोय. आतलं मला ठाऊक आहे, तुम्हाला नाही." अशी हिंमत किती जणांत असते? मी तर अहवालातलं ते पान माझ्या शिक्षिकांना मोठ्याने वाचून दाखवलं.

आता गेल्या वर्षाकडे येते. आपलं मध्यभारत राज्य आठ वर्षांचं. ते मोडून नव्या मोठ्या राज्यात घालायचं, राजधानी भोपाळला न्यायची, असं विधेयक दिल्लीत आलं. मोती महालातल्या सचिवालयाचे कारकून हवालदिल झाले. बिऱ्हाडं हलणार, मुलांच्या शाळा सुटणार. आणि माझी झोप उडाली ती निराळ्या कारणाने. नव्या राज्यात मराठी माध्यमाला मान्यता राहील, असं कोणीच लिहून देईना. साडेतीनशे मुली, अकरा शिक्षिका. मी विचारायला जाई तेव्हा साहेब लोक गोड हसत आणि म्हणत, "देखेंगे, बहनजी." हे देखेंगे मी फार पाहिलं आहे हो!

जुलैत सभा भरली. सगळ्यांचं एकच मागणं, विधेयकाला विरोध करा, नाहीतर खासदारकी सोडा. सर्वांत मोठा आवाज माझा होता. रघुनाथराव उठले आणि आपल्या त्या ग्वाल्हेरी मराठीत म्हणाले, "दिल्लीला जातो आणि राजीनामा करूनच परत येतो."

काय टाळ्या पडल्या! मी स्वतः हार घातला. माझ्या शेजारी किला गेटचे दुकानदार दौलतसिंह, त्यांनीही घातला. डोळे पुसत मला म्हणाले, "बहनजी, अब चिंता नहीं। मेरा और भाई का सात साल का मुकदमा था, वकील साहब ने एक दिन में राजीनामा करा दिया था।"

तेव्हा तरी माझ्या डोक्यात उजेड पडावा की नाही? आपल्या इथल्या कोर्टकचेरीच्या हिंदीत राजीनामा म्हणजे दोन्ही पक्षांची राजीखुशीने तडजोड. मराठीत राजीनामा म्हणजे पद सोडणं. आणि मराठीत राजीनामा देतात, कोणी करत नाही! चोवीस वर्षं क्रियापदं शिकवणाऱ्या बाईला ते ऐकूच आलं नाही. मला हवं ते मी ऐकलं.

ऑगस्टात बातमी आली. सबनीस उजव्या दालनात गेले. विधेयकाला 'हो' म्हणाले, आणि खासदारकीही शाबूत! मग काय, ते दिल्लीत होते तरी मी त्यांच्या इथल्या दारात जाऊन बोलायचं ते बोलले. तेवढ्याने पोट भरलं नाही म्हणून एक डझन हिरव्या बांगड्या टपालाने दिल्लीला पाठवल्या. पुरुषाला लाजवायला बांगड्या पाठवाव्यात आणि त्याही एका बाईने, हे शहाणपण तेव्हा मला फार मोठं वाटलं होतं. उत्तर आलं नाही. या जानेवारीत उमेदवारांची यादी लागली, तीत त्यांचं नाव नव्हतं. खोटं कशाला बोलू? मला बरं वाटलं. म्हटलं, भोगा आपल्या कर्माची फळं.

आठवड्याने शिक्षणखात्याचं पत्र आलं. मराठी माध्यमाची मान्यता कायम. खाली एक ओळ होती, "माननीय सदस्य श्री सबनीस से हुए राजीनामे के अनुसार।" ती ओळ मी तीनदा वाचली, पत्राची घडी केली आणि तशीच यांच्या घरी गेले. वकीलसाहेब कचेरीत होते. विजयाबाई डाळ निवडत होत्या. पत्र पुढे केलं, तशी त्या म्हणाल्या, "कळलं का अखेर? बसा, सुधाताई."

त्यांनी जे सांगितलं ते आज मी त्यांची परवानगी न घेता सांगते आहे. रघुनाथरावांनी विधेयकाला दुरुस्ती सुचवली होती आणि आणखी पाच-सहा सभासद त्यांच्यामागे उभे राहणार होते. वरिष्ठांनी बोलावून घेतलं. यांनी एकच मागितलं, मराठी शाळांची मान्यता लेखी द्या. ते म्हणाले, देऊ. पण दुरुस्ती मागे घ्या, उजव्या दालनात चला, आणि पुढच्या निवडणुकीला उभे राहू नका, ती जागा आम्हाला दुसऱ्यासाठी हवी आहे. यांनी त्याच बैठकीत कागद मागवला आणि सही केली.

एवढ्यात वकीलसाहेब घरी आले. मी रडत होते, हे इथे कबूल करते. विचारलं, "मला एका शब्दाने सांगितलं का नाही?" तर टोपी खुंटीला लावत म्हणाले, "बाई, तुमच्या मुलींनी कोणाच्या उपकाराखाली का शिकावं? आणि माझ्या एका मताने विधेयक पडणार नव्हतं. शाळा मात्र पडली असती."

तर रघुनाथराव, भांडायचं कबूल केलं होतं, ते भांडते. त्या दिवशी तुम्ही डाव्या दालनात जायला हवं होतं, असं मला आजही वाटतं. मोती महाल ओस पडला, माझ्या वर्गातल्या चौदा मुली वडिलांबरोबर भोपाळला गेल्या, ते दुःख कोणत्याही पत्राने भरून येत नाही. पण उरलेल्या मुली परवा मराठीत परीक्षेला बसताहेत. तुम्ही राजीनामा केलात आणि राजीनामा दिलातही. दोन्ही क्रियापदं बरोबर होती. चुकले ती मी.

विजयाबाई, आता काढा हात पदराबाहेर. पाहा मंडळी, त्याच हिरव्या बांगड्या! मी त्यांना त्या दिवशी म्हटलं, काढून टाका हो. तर म्हणाल्या, "का म्हणून? ह्यांनी दिल्लीहून जपून आणल्यात. माझ्या मापाच्या आहेत."

अध्यक्षमहाराज, दहा मिनिटं केव्हाच उलटली. आपण सर्वांनी ऐकून घेतलंत, आभारी आहे. भाषणाच्या शेवटी बोलण्यातल्या उणिवांबद्दल सभेची क्षमा मागायची रीत आहे. सभेने मला माफ केलं नाही तरी चालेल. मला एका माणसाची क्षमा हवी आहे, आणि त्यांनी हो म्हणेपर्यंत मी इथे उभी राहणार आहे, आमच्या शाळेत मुली बाकावर उभ्या राहतात तशी.