वाढलेले तास

परदेशातल्या पुंगोल वस्तीतल्या सरकारी मदत कार्यालयात गार्गी तान्ह्याला थोपटत बसली होती. शेजारचे नवरा-बायको मराठीत बोलत होते, इथे कुणाला कळणार नाही अशा भरवशाने.

“कामाचे तास वाढून दोन महिने झाले. आज सांगून टाक.”

“अपंगत्वाची मदत बंद होईल.”

“होऊ दे. काम झेपतंय ना?”

“झेपतंय गं. पण इतके दिवस का लपवलं, असं विचारतील.”

“विसरलो म्हण. लग्नाचा वाढदिवस विसरतोस तसं.”

“विसरलो नव्हतो. अपघातानंतर अर्धवेळ होतो, तेव्हा आईला पूर्णवेळ सांगितलं. आता पूर्णवेळ झालो, तर इथे अर्धवेळच सांगत राहिलो. खरं कुणालाच सांगितलं नाही.”

“ऊठ, नंबर लागला. काठी घे.”

“तू येऊ नकोस. तुझ्यासमोर नाही सांगवणार.”

तो एकटाच आत गेला; बायको गार्गीच्या शेजारीच बसून राहिली. बाळ कुरकुरलं. गार्गीच्या ओठांवर आलेलं “उगी, उगी” तिने गिळलं आणि हलकेच इंग्रजीत म्हणाली, “इट्स ओके, बेबी.”