सही मावेल एवढं कार्ड

सासूबाई : मिस्त्री, हात आवरा. मी सांगितल्यावाचून त्या पोलादाला पातं लागता कामा नये.

मिस्त्री : पातं अजून लांब आहे, बाईसाहेब. पण साचा आज कापला नाही, तर उद्यापासून माझं यंत्र दुसऱ्याच्या कामाला जुंपलेलं आहे. मग पुढचा महिना मी तुमचा नाही.

सूनबाई : थांबायचं कारणच नाही, मिस्त्री. नकाशा पक्का आहे. मेमरी कार्डाची खाच लहान, नखाएवढ्या कार्डाची. घ्या कापायला.

सासूबाई : नखाएवढ्या! अगं, हे वेळ मोजायचं यंत्र शर्यतीच्या पंचाच्या हातात जाणार आहे. तो मैदानात उभा असतो, सोनाराच्या पेढीवर नव्हे.

सूनबाई : आई, "या यंत्रात मी बोट घालणार नाही, ते सर्वस्वी तुझं," असं कोण म्हणालं होतं?

सासूबाई : मीच म्हणाले होते, आणि शब्द पाळला आहे. काच तुझी, कळ तुझी, रंगही तुझाच. तो मला खोकल्याच्या औषधासारखा दिसतो. तरी मी अवाक्षर काढलं का?

मिस्त्री : आत्ता काढलंत.

सासूबाई : मिस्त्री, तुमचा चहा निवतो आहे.

सूनबाई : मागच्या दोन्ही घड्याळांच्या वेळी हेच झालं. शेवटच्या दिवशी तुम्ही आलात, आणि नकाशावर माझं म्हणावं असं काही उरलं नाही. पलीकडच्या कारखान्यानं मला तीनदा विचारलंय. या वेळी तुमच्या हुकमानं नकाशा बदलला, तर मी त्यांना हो कळवणार. घरात तुमची सून असेन, पण या टेबलाशी नसेन.

सासूबाई : धमकी देतेस?

सूनबाई : नाही. सांगून ठेवतेय.

सासूबाई : बरं केलंस. धमकी असती, तर मीच तुला दार उघडून दिलं असतं. सांगून ठेवलंस, म्हणून हुकूम न करता कारण देते. दोन धावपटू एकाच क्षणी रेषेवर आले आणि हरलेल्याच्या बाजूनं आक्षेप आला, तर पूर्वी पंच काय करत असत?

सूनबाई : थांबवलेलं घड्याळ तसंच्या तसं पिशवीत घालून मुख्य पंचाकडे देत असत.

सासूबाई : आणि पिशवीच्या तोंडावर?

सूनबाई : सही.

सासूबाई : मी स्वतः पंचांच्या रांगेत उभी राहिलेली आहे. ऊन डोक्यावर, तळवे घामानं ओले, मागून शे-दोनशे माणसं ओरडताहेत. त्या वेळी ती सही हाच एक पुरावा असतो. आता वेळ कार्डावर नोंदली जाणार, म्हणजे घड्याळ द्यायचं नाही, कार्ड काढून द्यायचं. हे तुझं कार्ड, हे पेन. कर सही.

(सूनबाई कार्ड टेबलावर धरून त्यावर लिहू पाहते.)

मिस्त्री : एक अक्षर मावलं. आडनाव टेबलावर गेलं.

सूनबाई : हे... हे माझ्या ध्यानात नव्हतं. पण यावर तोड आहे. लहान कार्डाला मोठ्या कार्डाच्या मापाची खोळ मिळते. सही खोळीवर करायची.

सासूबाई : आणि खोळीतलं कार्ड वाटेत कुणी बदललं तर? सही आपली जागच्या जागी, साळसूद!

मिस्त्री : हे मला सुचलं असतं, तर मी साचे कशाला कापत बसलो असतो!

सासूबाई : मोठं कार्ड घे. त्याच्या पाठीवर लिहायला पांढरी पट्टी असते. शिवाय कडेला खटका असतो. तो खाली ओढला की आत नवं काही भरता येत नाही. मी चौकशी केली आहे.

सूनबाई : चौकशी अर्धी झालीय, आई. तो खटका म्हणजे नुसती विनंती असते. कार्ड ज्या यंत्रात घालाल, त्यानं ती मानली तर मानली.

सासूबाई : आपलं यंत्र मानेल ना?

सूनबाई : आपलं मानेल.

सासूबाई : मानलीच पाहिजे. चांगल्या घरचं आहे. आणि दुसऱ्याच्या यंत्राची खात्री नाही, म्हणूनच वर सही हवी.

सूनबाई : सहीचं मला पटलं. आता माझं ऐका. हे दोन लाकडी नमुने. हा लहान कार्डाचा, हा मोठ्या कार्डाचा. मोठी खाच कळीखाली येते, म्हणून पाठ फुगते. हा फुगीर हातात धरा आणि अंगठ्यानं कळ दाबा.

सासूबाई : दाबली.

सूनबाई : पकड न बदलता दाबा.

सासूबाई : ...पोचत नाही.

सूनबाई : तुमचा हात लहान आहे, पण तसे हात पुष्कळ पंचांचे असतात. ताणलेला अंगठा कळ उशिरा दाबतो. सही मोत्यासारखी येईल, पण ती चुकीच्या वेळेखाली असेल.

सासूबाई : चोख बोललीस. म्हणजे पाठ सपाट हवी आणि कार्ड मोठं हवं. यंत्रात दुसरी जागा कुठे आहे?

सूनबाई : नाही म्हणायला एक आहे.

सासूबाई : नाही म्हणायला का? सरळ म्हण.

सूनबाई : तळाला.

मिस्त्री : तळाला तर पितळी कडी आहे.

सूनबाई : म्हणूनच.

सासूबाई : गळ्यातली दोरी त्या कडीत अडकते.

सूनबाई : दोरी बाजूच्या भोकातूनही ओवता येते. कडी आता केवळ ओळखीपुरती आहे.

मिस्त्री : बाईसाहेब?

सासूबाई : ऐकते आहे मी. मिस्त्री, ती कडी वाकडी का, ठाऊक आहे तुम्हाला?

मिस्त्री : मला वाटायचं, आमच्यापैकीच कुणाचा तरी हात चुकला असेल.

सासूबाई : हिच्या सासऱ्यांचा चुकला. पहिल्या घड्याळाची कडी त्यांनी स्वतः वाकवली, आणि ती तिरकी बसली. दुसऱ्या घड्याळाला सरळ बसवली, तर गिऱ्हाईक परत घेऊन आलं. म्हणालं, हे नकली आहे. तुमच्या घड्याळाची कडी तिरकी असते. तेव्हापासून सरळ कडी बसवणाऱ्या कारागिराला ते ओरडत असत.

सूनबाई : मला हे माहीत होतं. त्यांनीच सांगितलं होतं. म्हणून तर मी लहान कार्ड घेतलं.

सासूबाई : काय म्हणालीस?

सूनबाई : पहिल्या नकाशात खाच तळाला होती आणि कार्ड मोठंच होतं. कडी जात होती. तो नकाशा मी तुम्हाला दाखवलाच नाही.

सासूबाई : माझ्या कडीसाठी तू तुझा नकाशा बदललास? आणि मी बदलू पाहते म्हणून घर सोडून दुसऱ्याच्या टेबलाशी जायला निघालीस?

सूनबाई : घर नव्हे, टेबल.

सासूबाई : या घरात ते वेगळं नसतं. मला विचारलं का नाहीस?

सूनबाई : विचारलं असतं, तर काय म्हणाला असतात?

सासूबाई : नाही म्हणाले असते. खणखणीत नाही.

मिस्त्री : आम्हाला रस्त्यापर्यंत ऐकू आलं असतं.

सासूबाई : तो पहिला नकाशा आहे, की फाडलास?

सूनबाई : खणात आहे.

सासूबाई : काढ. मिस्त्री, चहा ठेवा खाली, नकाशावर डाग पडेल. हं. नीटस आहे. इथं मोठं कार्ड, इथं बाजूला दोरी. कळ अंगठ्याखाली. मिस्त्री, हा साचा आज होईल?

मिस्त्री : आत्ता हात घातला, तर होईल. पण कडी, बाईसाहेब...

सासूबाई : कडी माझ्या जुन्या घड्याळाला आहे. तिथं ती कुणाच्या आड येत नाही.

सूनबाई : आई, हा तुमचा हुकूम आहे का?

सासूबाई : हुकूम कसला? नकाशा तुझा, तुझ्या खणातला. मी फक्त सही कुठं मावते एवढं पाहिलं. हे पेन घे, मिस्त्री खोळंबले आहेत.

सूनबाई : इथं खाली करू?

सासूबाई : तिथं नको. वर, उजवीकडे.

सूनबाई : आई, हा रकाना मालकाचा आहे.

सासूबाई : वाचता येतं मला अजून. पूर्ण नाव लिही, जागा भरपूर आहे.