सतरा नंबरचं दार

हसा, हसा तुम्ही! पण मला एवढंच सांगा, दार म्हटल्यावर माणसाने काय समजायचं? बायको मलाच बोलते, मेहुणा मलाच बोलतो, शेजारी तर काय, टपूनच बसलेले! अहो, माझ्या जागी तुम्ही असतात तर...? ऐका तरी आधी.

वरच्या मागच्या खोलीत माझा रेडिओ आहे. गाण्यांचा नव्हे हो! ह्याच्यावरून टाइप केलेला मजकूर जातो, आणि त्याला जोडलेल्या कॉम्प्युटरवर राउटरचं सॉफ्टवेअर चालतं. कुणाचा निरोप कुठल्या वाटेने सोडायचा ते बघणारा चौकातला पोलीसच म्हणा ना! मेहुणा नदीकाठच्या पंपघरात कामाला, तिथून तो पाण्याची पातळी कळवतो आणि ती माझ्या राउटरमधून त्याच्या ऑफिसात पोचते. आता ह्या सॉफ्टवेअरला असतात पोर्ट. बायकोला आणि मेहुण्याला कळावं म्हणून मी त्यांना म्हणतो दारं. टपालाचं दार पंचवीस नंबर, आत शिरून हुकूम सोडायचं तेवीस, अशी हीऽऽ दारं! हल्ली इंटरनेटवरून नाही नाही ते लोक येऊन कड्या वाजवतात, म्हणून त्या दुपारी मी शांतपणे बसलो आणि नको त्या सगळ्या दारांपुढे शून्य टाकलं. शून्य म्हणजे कुलूप! खालची बेल वाजली की रेडिओत खरखर येते, म्हणून तिचीही वायर काढून ठेवली. काम करायचं तर नीट करायचं, असा आपला स्वभाव... तोच नडला.

कारण संध्याकाळी आभाळच फाटलं. नदी चढली, फोन गेले, आणि बायको माझ्या खुर्चीमागे येऊन उभी. "अहो, दादाचं काही कळलं?" नाही. "आता?" अगं, आत्ताच विचारलंस ना! पण तिचं तरी काय चुकलं? पंपघरात एकटा माणूस, बाहेर नदी, आणि आमच्या पत्र्यावर पाऊस असा की शेजारी तोफ उडाली असती तरी कळलं नसतं... आणि पडद्यावर अक्षरं उमटली.

"दाजी, दार उघडा."

बायको किंचाळली, "दादा पंपघरात अडकलाय!" मी म्हटलं, अगं थांब, तो पोर्टचं म्हणतोय! पातळी पाठवायचं दार मीच चुकून बंद केलं असणार, दुसरं काय? आता दार म्हटल्यावर माणसाने काय समजायचं? पण कुठलं दार? मी लगेच टाइप केलं, "नंबर सांग."

मग उत्तर आलं, "नंबर???" आणि मग, "सतरा."

सतरा! सतरा नंबरचं दार मी कधी ठेवलंच नव्हतं! पण म्हटलं पुराच्या वेळी वाद नको. फाइल उघडली, सतरा लिहिलं, एकदा तपासलं, पुन्हा तपासलं, सेव्ह केलं, राउटर रीस्टार्ट केला. आता हा रीस्टार्ट होईपर्यंत बहिरा! तिकडे माणूस पाण्यात, आणि इकडे पडद्यावर "कृपया थांबा"! बायको म्हणते, "त्याला थांबायला वेळ आहे का हो?" माउस हातातून सटकतोय, तोंडात देवाचं नाव...

चालू झाला एकदाचा! आणि लगेच, "दाजी, उघडा ना. पाणी गुडघ्याला."

मी टाइप केलं, "उघडलंय!"

"नाही उघडलं."

"उघडलंय रे बाबा, ढकल!"

"ढकलतोय."

तेवढ्यात पाऊस जरा ओसरला, आणि खालून आवाज आला... धप्प.

मी बायकोकडे बघितलं. बायकोने माझ्याकडे बघितलं. पुन्हा, धप्प.

"अहो," बायको अगदी हळू म्हणाली, "आपल्या घराचा नंबर काय?"

मी उत्तर देईपर्यंत ती जिन्याच्या शेवटच्या पायरीवर होती. दार उघडलं तर मेहुणा! पंपघरात पाणी शिरल्यावर तिथून निघून गल्लीतल्या पाण्यातून चालत आलेला, चिखलाने माखलेला, हातात निरोप टाइप करायचा छोटा रेडिओ, तोंड निळं पडलेलं. बायको त्याच्या गळ्यात पडून रडायला लागली. आणि तो तिच्या खांद्यावरून माझ्याकडे बघत म्हणतो, "दाजी, बेल वाजवून थकलो, दार बडवून थकलो. शेवटी निरोप पाठवला, तर तुम्ही घराचा नंबर विचारता? आणि वर म्हणता, ढकल?"

आता तुम्हीच सांगा, दार म्हटल्यावर माणसाने काय समजायचं! मी त्याला टॉवेल दिला, गरम पाणी काढून दिलं, बेलची वायर त्याच्यादेखत जोडली. पण उपयोग काय? आता बेल वाजली की आतून बायको ओरडते, "तुम्ही बसा! मी उघडते, रीस्टार्ट न करता!"

आणि ते राउटरवरचं सतरा नंबरचं दार? ते आहे तसंच उघडं. परवा शून्य टाकायला बसलो होतो, पण हात धजेना. म्हटलं राहू दे, सासरकडची माणसं... कधी कुठल्या दाराने येतील, सांगता येतं का?